खापर कुणाच्या डोक्यावर?

२ फेब्रुवारी २०२५, रविवार. अहिल्यानगरला महाराष्ट्र केसरीच्या गादी विभागातली निर्णायक कुस्ती सुरू होती. एका बाजूला पुण्याचा पृथ्वीराज मोहोळ, दुसऱ्या बाजूला नांदेडच्या नावानं उतरलेला शिवराज राक्षे. शिवराज आधी दोनदा महाराष्ट्र केसरी झालेला. त्यामुळं आमच्या भागात बऱ्याच जणांच्या डोक्यात निकाल आधीच लागला होता. प्रत्यक्षात पंचांनी मोहोळला चितपटीवर विजयी घोषित केलं. माझे दोन्ही खांदे टेकलेच नाहीत, व्हिडिओ बघा, असं शिवराजचं म्हणणं होतं. वाद वाढला आणि त्यानं पंचांना लाथ मारली. पुढं अंतिम कुस्तीत सोलापूरच्या महेंद्र गायकवाडनंही पंचांच्या निर्णयावर चिडून मैदान सोडलं. गदा मोहोळकडं गेली आणि राक्षे व गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली.

दुसऱ्या दिवशी मुदखेड स्टेशनबाहेरच्या टपरीवर एकच विषय. ‘पंचानं हरवलं.’ ‘पुण्यासमोर आपल्या मराठवाड्याला कोण विचारतंय?’ ‘व्हिडिओ कामून दाखवला नाही मग?’ ‘त्यानंच डोकं थंड ठेवायला पाहिजे होतं.’ तो निर्णय बरोबर की चूक, यावरचा वाद नंतरही चालत राहिला आणि मी तो इथं सोडवणार नाही. माझं लक्ष वेगळ्याच गोष्टीकडं गेलं. कुस्ती म्हणजे दोनच माणसांचा खेळ. बाराव्या खेळाडूचा प्रश्न नाही, फलंदाजीचा क्रम नाही, कॅच सोडणारा कुणी नाही. तरी एका चहात आम्ही चार-पाच गुन्हेगार शोधून काढले होते. मग ज्या खेळात पाच, सात किंवा अकरा जण मिळून हरतात, तिथं काय होत असेल?

ज्याच्या जिंकण्याची सगळ्यांना खात्री आहे असा संघ हरतो, तेव्हा जबाबदार कोण? प्रश्न टपरीवरचा वाटतो, पण तो तिथंच संपत नाही. आपण माणसांना दोष कसा देतो, कुणाला देतो आणि कुणाला सोडतो, हे सगळं त्यात उघडं पडतं.

हरला की हरवलं?

१९ नोव्हेंबर २०२३ आठवा. अहमदाबादचा विश्वचषक अंतिम सामना. भारत सलग दहा सामने जिंकून आलेला. मग २४० वर डाव आटोपला आणि ऑस्ट्रेलियानं ४३ षटकांत, सहा गडी राखून सामना संपवला. त्या रात्री तुमच्याही फोनवर आरोपींची यादी फिरली असेल. रोहित शर्मानं ३१ चेंडूंत ४७ केल्यावर तो फटका मारायलाच नको होता. के. एल. राहुलनं ६६ धावांना १०७ चेंडू घेतले. खेळपट्टी संथ केली ती आपल्याच अंगावर आली. टॉस हरलो तिथंच संपलं. आणि शेवटी, कुणीतरी पनवती होतं. माझ्या ओळखीतल्या एका मुलाला तर त्याच्या मित्रांनी सामना चालू असतानाच खोलीबाहेर काढलं होतं, कारण तो आल्यापासून विकेट जात होत्या.

या यादीत एक नाव नव्हतं. ट्रॅव्हिस हेडचं. त्यानं १२० चेंडूंत १३७ धावा केल्या. रोहितचा तो उंच उडालेला चेंडू पाठमोरा पळत जाऊन झेलला तोही त्यानंच. तीन बाद ४७ अशी अवस्था असताना तो आणि लाबुशेन टिकून राहिले. ऑस्ट्रेलिया पहिले दोन सामने हरली होती, पण त्यानंतर सलग आठ जिंकून अंतिम फेरीत आली होती. म्हणजे त्या दिवशी मैदानात दोन तगडे संघ होते. आमच्या चर्चेत मात्र एकच होता.

आपली भाषा इथं मदतही करते आणि फसवतेही. ‘भारत हरला’ या वाक्यात समोरचा संघ लागतच नाही. वाक्य पूर्ण आहे, आणि त्यात हरण्याचं सगळं काम भारतानंच केलेलं आहे. ‘ऑस्ट्रेलियानं भारताला हरवलं’ म्हटलं की चित्र बदलतं. कुणीतरी काहीतरी केलं, चांगलं केलं, म्हणून हे झालं. आवडता संघ हरला की आपल्या तोंडी सहसा पहिलं वाक्य येतं. दुसरं वाक्य आलं, तरी कर्ता बहुधा पंच असतो.

हे फक्त आपलंच नाही. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचा बास्केटबॉल संघ पोर्तो रिकोकडून ९२-७३ असा हरला. १९९२ पासून अमेरिका एनबीएचे खेळाडू पाठवत होती आणि तेव्हापासून ऑलिंपिकमध्ये एकही सामना हरली नव्हती. संघात टिम डंकन, ॲलन आयव्हर्सन होते, कोवळा लेब्रॉन जेम्स होता. पुढं लिथुआनियानं हरवलं, उपांत्य फेरीत अर्जेंटिनानं ८९-८१ असं हरवलं आणि अमेरिका कांस्यपदकावर आली. तिथंही तेच झालं. प्रशिक्षक लॅरी ब्राऊन यांच्यावर टीका झाली, निवडीवर झाली, खेळाडूंच्या वृत्तीवर झाली. पण अर्जेंटिनाच्या याच पिढीनं दोन वर्षं आधी, २००२ च्या जागतिक स्पर्धेत, अमेरिकेत येऊन अमेरिकेला हरवलं होतं. अथेन्समध्ये त्यांनी सुवर्णपदकही घेतलं. जो संघ दोनदा हरवतो आणि शेवटी सुवर्ण नेतो, त्याच्याकडून हरणं हा गुन्हा कसा?

म्हणून जबाबदारीचा हिशेब मांडायचा तर पहिली नोंद जिंकणाऱ्याच्या नावावर पडायला हवी. पराभवातला मोठा वाटा बऱ्याचदा समोरच्याच्या गुणांचा असतो. तो काढून घेतला की तेवढी जागा रिकामी होते, आणि ती भरायला आपल्याला आपल्यातलाच एखादा दोषी लागतो.

फेव्हरिट म्हणजे काय?

थोडं गणित करू. समजा एखादा संघ इतका भारी आहे की कुठल्याही सामन्यात त्याची जिंकायची शक्यता ८० टक्के आहे. हा खरोखर फार मोठा आकडा आहे. तरी असा संघ दर पाच सामन्यांत सरासरी एक हरणार. आणि सलग अकरा सामने जिंकायची त्याची शक्यता किती? ०.८ ला अकरा वेळा गुणून बघा, उत्तर साडेआठ टक्क्यांच्या आसपास येतं. म्हणजे बारा वेळा स्पर्धा खेळवली तर एकदा. भारत २०२३ मध्ये दहा सामने सलग जिंकला, हेच आश्चर्य होतं. अकरावा जिंकणं हा आपला हक्क आहे, असं आपल्याला वाटायला लागलं होतं.

‘फेव्हरिट’ हा अंदाज आहे. तो अंदाज आपण करतो, चॅनेलवाले करतात, जाहिरातवाले करतात, सट्टा लावणारे करतात. खेळाडू करत नाहीत. हळूहळू त्या अंदाजाचं वचन होतं, आणि वचन मोडलं म्हणून आपण खेळाडूला जाब विचारतो. त्यानं ते दिलेलंच नसतं.

आमच्या मुदखेड तालुक्यात फुलशेती बरीच आहे. दसऱ्याला झेंडू निघावा म्हणून शेतकरी तारखा मोजून रोपं लावतो. वेळेवर खुरपणी, फवारणी, सगळं करतो. आणि दसऱ्याच्या दोन दिवस आधी पाऊस लागून राहतो, किंवा नांदेडच्या बाजारात एकाच दिवशी इतका माल येतो की भाव पडतो. तेव्हा गावात कुणी म्हणत नाही की त्याची झेंडू लावायची लायकी नव्हती. सगळ्यांना माहीत असतं की पीक एका हातानं येत नाही. खेळाबद्दल मात्र आपलं हे शहाणपण कुठं जातं कुणास ठाऊक.

गीतेच्या अठराव्या अध्यायात याची मांडणी आहे. तिचा दुसऱ्या अध्यायातला ‘फळाची अपेक्षा नको’ हा भाग प्रत्येक पराभवानंतर फॉरवर्ड होतो, अठरावा अध्याय होत नाही. तिथं म्हटलंय की कुठलंही कर्म घडायला पाच कारणं लागतात: अधिष्ठान, कर्ता, करण म्हणजे साधनं, वेगवेगळ्या हालचाली, आणि पाचवं दैव. असं असताना जो एकट्या स्वतःलाच कर्ता समजतो, त्याला नीट दिसत नाही. अहमदाबादच्या त्या दिवसाला हे लावून बघा. अधिष्ठान म्हणजे ती संथ खेळपट्टी. कर्ते दोन्ही बाजूंचे बावीस. साधनं म्हणजे बॅट, चेंडू, आणि महिनाभर खेळून थकलेलं शरीर. हालचाली म्हणजे हजारो छोटे निर्णय. दैव म्हणजे टॉस, रात्रीचं दव, आणि बॅटची कड घेऊन हातभर अंतरानं निसटलेला एखादा चेंडू. या पाचांतून एक माणूस उचलायचा आणि म्हणायचं, ‘याच्यामुळं’. गीता हे उलट दिशेनं सांगते, कर्त्याचा अहंकार उतरवण्यासाठी. पण जो जिंकून अहंकार करू शकत नाही, त्याच्यावर हरल्यावर सगळा दोषही टाकता येत नाही. दोन्ही गोष्टी एकाच तर्कातून निघतात.

मग कुणाचीच जबाबदारी नाही?

इथं तुम्ही म्हणाल, म्हणजे सगळे सुटले. ‘खेळात हार-जीत चालायचीच’ म्हणून मोकळं व्हायचं. तर तसंही नाही. कारण असणं आणि दोषी असणं यांत फरक आहे, आणि दोषी असणं आणि जबाबदार असणं यांतही आहे.

यासाठी लातूरचं उदाहरण घेऊ. ७ जानेवारी २०२०, पुण्याची बालेवाडी. महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघंही काका पवारांचे पठ्ठे. काका पवार अर्जुन पुरस्कारविजेते, तेही मूळचे लातूर जिल्ह्यातले. म्हणजे तालीम एक, वस्ताद एक, डावपेच एकाच माणसाकडून शिकलेले. हर्षवर्धन ३-२ असा जिंकला. एका गुणानं.

आता सांगा, शैलेशच्या पराभवाला जबाबदार कोण? वस्ताद म्हणावं तर त्याच वस्तादाचा दुसरा शिष्य जिंकला. तालीम कमी पडली म्हणावं तर तीच तालीम समोरच्यालाही पुरली. मेहनतीत खोट काढावी तर जो मातीतले सगळे हरवून अंतिम फेरीत येतो त्याची मेहनत कमी कशी? आपण एरवी ज्यांच्यावर खापर फोडतो ती सगळी डोकी इथं एकेक करून बाजूला होतात. शिल्लक राहतो तो एक गुण, आणि तो मिळवणारा पैलवान.

निकालानंतर हर्षवर्धननं शैलेशला खांद्यावर उचलून घेतलं. ते फोटो त्या वेळी सगळीकडं छापून आले. मला त्यात मोठेपणापेक्षाही अचूक समज दिसते. तो एक गुण कुठून आला आणि किती सहज तिकडं गेला असता, हे त्या मैदानात सगळ्यांत जास्त त्यालाच माहीत होतं.

हरलेल्या खेळाडूला मात्र आतून काहीतरी टोचतंच, आणि टोचायलाही हवं. ब्रिटिश तत्त्वज्ञ बर्नार्ड विल्यम्स यांनी १९७६ मध्ये एका ट्रकड्रायव्हरचं उदाहरण दिलं होतं. त्याची काही चूक नाही, पण एक मूल अचानक गाडीसमोर येतं आणि जातं. आपण त्याला म्हणतो, ‘तुझा दोष नाही.’ ते खरंच असतं. पण तो जर लगेच म्हणाला, ‘हो ना, माझा काय संबंध,’ तर आपल्याला तो माणूस विचित्र वाटेल. दोष नसतानाही ‘हे माझ्या हातून घडलं’ ही एक वेगळी हळहळ असते. बाजूला उभं राहून बघणाऱ्याला ती होत नाही, करणाऱ्यालाच होते.

कॅच सोडलेल्या खेळाडूकडं ही हळहळ आधीच असते. ती त्याची स्वतःची आहे, आणि तिच्यातूनच तो दुसऱ्या दिवशी पन्नास कॅच जास्त घेतो. बाहेरून आपण त्यात शिव्या घातल्या म्हणून ती खोल होत नाही. उलट तिची जागा भीती घेते. आणि शिवराजच्या बाबतीतही हाच फरक करावा लागतो. निर्णय चुकला असेल तर ती जबाबदारी पंचांची आणि संघटनेची. लाथ मात्र ज्यानं मारली त्याची. एकाची चूक सिद्ध झाली म्हणून दुसऱ्याची पुसली जात नाही.

खापर उताराकडं जातं

आता या विषयातला सगळ्यांत कडू भाग.

२४ ऑक्टोबर २०२१, दुबई. टी-ट्वेंटी विश्वचषकात पाकिस्ताननं भारताला दहा गडी राखून हरवलं. दहा गडी राखून, म्हणजे आपल्या एकाही गोलंदाजाला विकेट मिळाली नाही. तरी रात्रभर शिव्या खाल्ल्या त्या मोहम्मद शमीनं, आणि त्या गोलंदाजीबद्दलच्या नव्हत्या, धर्माबद्दलच्या होत्या. ४ सप्टेंबर २०२२, पुन्हा दुबई, आशिया चषक. अर्शदीप सिंगकडून आसिफ अलीचा कॅच सुटला. त्यानंतर त्याच्या विकिपीडिया पानावर खलिस्तानचा उल्लेख घुसवण्यात आला. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियोला महिला हॉकीच्या उपांत्य सामन्यात भारत अर्जेंटिनाकडून हरला, तेव्हा वंदना कटारियाच्या हरिद्वारजवळच्या घरासमोर फटाके वाजवून जातीवरून शिवीगाळ झाल्याची तक्रार तिच्या कुटुंबानं केली. हीच वंदना त्या ऑलिंपिकमध्ये हॅट्‌ट्रिक करणारी पहिली भारतीय महिला हॉकीपटू ठरली होती. आणि २०१५ च्या विश्वचषकात सिडनीला विराट कोहली एका धावेवर बाद झाला, तेव्हा शिव्या अनुष्का शर्माला पडल्या. ती प्रेक्षकांत बसली होती, एवढाच तिचा त्या सामन्याशी संबंध.

ही नावं एका ओळीत ठेवून बघा. पराभवाचं खापर कुणाच्या डोक्यावर फुटेल हे मैदानातल्या चुकीवर ठरत नाही. ते पाण्यासारखं उताराकडं जातं. आणि उतार आधीपासून तयार असतात: धर्माचा, जातीचा, बाईचा, गावाचा, गरिबीचा. सामना फक्त नळ सोडतो.

हे मोठ्या मैदानांपुरतं नाही. काही वर्षांपूर्वी तालुकास्तरावरच्या शालेय कबड्डीचा एक सामना मी बघत होतो. एका शाळेचा संघ जिंकणार हे सगळ्यांनी गृहीत धरलं होतं. शेवटच्या मिनिटात त्यांच्या एका पोराची चढाई फसली आणि दोन गुणांनी सामना गेला. पूर्ण सामन्यात त्यांचे इतर सहा जण मिळून कितीतरी वेळा पकडले गेले होते, ते कुणी मोजलं नाही. मैदानाबाहेर त्या पोराला जे बोललं गेलं, त्यात कबड्डीतलं काही नव्हतं. त्याच्या वस्तीचं नाव होतं, त्याच्या बापाच्या कामाचं नाव होतं. पुढच्या वर्षी तो संघात नव्हता. मी त्याच्याबरोबरच्या एकाला विचारलं तर म्हणाला, ‘तो आता खेळत नाही तं. मैदानावर येतच नाही.’

तेरा-चौदा वर्षांचं लेकरू. त्याची चूक काय होती? शेवटची चढाई त्याच्या वाट्याला आली, एवढीच. आणि ती त्याच्याकडं दिली होती, कारण संघात सगळ्यांत चांगली चढाई तोच करायचा.

आपण जिंकलो, ते हरले

मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ असे दोन शब्द आहेत. ‘आम्ही’मध्ये ऐकणारा नसतो, ‘आपण’मध्ये असतो. सामना जिंकल्यावर कुणी ‘ते जिंकले’ म्हणत नाही, सगळे ‘आपण जिंकलो’ म्हणतात. ज्यानं बॅट हातात धरलेली नाही तोही त्या ‘आपण’मध्ये बसतो. हरल्यावर मात्र वाक्य फिरतं: ‘काय खेळले हे लोक!’

अमेरिकेत रॉबर्ट चाल्डिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये हे तपासलं होतं. विद्यापीठाचा फुटबॉल संघ शनिवारी जिंकला की सोमवारी विद्यापीठाच्या नावाचे कपडे घालून येणारे विद्यार्थी वाढायचे. आणि सामन्याचं वर्णन करायला सांगितलं की जिंकलेल्या सामन्याबद्दल ‘आम्ही’ जास्त वेळा यायचं, हरलेल्याबद्दल कमी.

शिवराज राक्षे मूळचा पुणे जिल्ह्यातला आहे. नांदेडच्या नावानं खेळला म्हणून तो आमचा झाला. त्यात वाईट काही नाही. खेळाची अर्धी मजा या उसन्या ‘आपण’मध्येच आहे. पण जिंकताना वाटा घेतला असेल तर हरताना हात झटकता येत नाहीत. व्यवहाराचा साधा नियम आहे: नफ्यात भागीदार तो तोट्यातही भागीदार.

मग प्रेक्षकाच्या वाट्याला तोट्यातलं काय येतं? निकाल त्यानं घडवलेला नाही, त्यामुळं निकालाचा दोष नाही. खोलीतला तो मित्र पनवती नसतोच. त्यानं बघितलं काय, न बघितलं काय, चेंडूला माहीत नसतं. पण निकालानंतर काय बोललं जातं, काय फॉरवर्ड होतं, कुणाच्या आई-बहिणीपर्यंत जातं, ते शंभर टक्के त्याच्या हातात असतं. खेळाडूच्या हातात त्याचा खेळ, आणि आपल्या हातात आपलं बोट.

वानखेडेवर २०२४ च्या आयपीएलमध्ये हार्दिक पंड्याची घरच्याच प्रेक्षकांनी हुर्यो उडवली. रोहितच्या जागी त्याला मुंबई इंडियन्सचा कर्णधार केलं, हा राग. संघ शेवटच्या क्रमांकावर राहिला. मग २९ जून २०२४ ला टी-ट्वेंटी विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात त्यानंच शेवटचं षटक टाकलं आणि भारत सात धावांनी जिंकला. ४ जुलैला त्याच वानखेडेवर त्याच्या नावाचा गजर झाला. सगळे म्हणाले, बघा, त्यानं उत्तर दिलं. मला हा शेवट अपुरा वाटतो. समजा ते षटक महाग पडलं असतं, तर आधीची हुर्यो योग्य ठरली असती का? चांगल्या वागणुकीसाठी माणसाला आधी विश्वचषक जिंकावा लागत असेल, तर तालुक्याच्या मैदानावरच्या त्या पोरानं काय करायचं?

दोष आणि जबाबदारी

दोष मागं बघतो: कुणी केलं? जबाबदारी पुढं बघते: आता काय करायचं आणि ते कोण करणार? शब्दातच ‘जबाब’ आहे. ज्यानं उत्तर द्यायचं तो जबाबदार.

आयरिस मॅरियन यंग या अमेरिकन विचारवंत बाईंनी अन्यायाच्या संदर्भात हा फरक नीट मांडला. एखादी वाईट गोष्ट अनेकांच्या साध्या-साध्या कृतींतून तयार होते, तेव्हा एक गुन्हेगार शोधून हाती काही लागत नाही. त्या व्यवस्थेत जे जे भाग घेतात, त्या सगळ्यांवर ती बदलायची जबाबदारी येते, आणि ज्याच्या हातात जास्त ताकद त्याच्यावर जास्त.

अथेन्सनंतर अमेरिकेत आधी दोषांचाच खेळ झाला. पण २००५ मध्ये जेरी कोलांजेलो यांच्याकडं राष्ट्रीय संघाची सूत्रं गेली, आणि ऐनवेळी तारे गोळा करायची पद्धत बदलली. खेळाडूंकडून काही वर्षांची बांधिलकी मागितली, एकच प्रशिक्षक ठेवला. २००६ ला ते पुन्हा हरले, ग्रीसकडून. तरी पद्धत मोडली नाही. २००८ ला बीजिंगमध्ये सुवर्ण मिळालं, आणि त्या संघात अथेन्सला हरलेले काही जणही होते. माणसं तीच ठेवून घडी बदलता येते.

आपल्याकडं हे उतरवायचं तर वाटण्या साध्या आहेत. खेळाडूनं आपल्या तयारीचा जबाब द्यावा. कर्णधारानं निर्णयांचा द्यावा. निवड समितीनं निवडीचा, संघटनेनं पंचांच्या दर्जाचा आणि व्हिडिओ बघायच्या सोयीचा. शाळेचा संघ हरला तर शाळेनं सांगावं की आठवड्यात खेळाचे तास किती होतात आणि किती गणिताला जातात. शेवटची चढाई करणाऱ्याच्या पाठीवर हात कोण ठेवणार, हे सरांनी सामन्याआधीच ठरवलेलं असावं. आणि प्रेक्षकानं आपल्या शब्दांचा जबाब द्यावा. जिंकलेल्याला त्याचं श्रेय आणि नशिबाला त्याचा वाटा दिला, की उरतं ते वाटून घेण्याइतकं असतं. एका डोक्यावर मावेल असं ते कधीच नसतं.

हे मैदानाच्या बाहेर जास्त लागू आहे, आणि तुम्हा-आम्हाला ते जास्त माहीत आहे. लातूर आणि नांदेड ही आता क्लासेसची शहरं आहेत. सकाळच्या गाडीला मुदखेडहून नांदेडला जाणाऱ्या पोरांच्या पाठीवरच्या बॅगा बघा. प्रत्येक घरात, प्रत्येक गल्लीत एक फेव्हरिट असतो. दहावीला ९५ टक्के पडले की त्याच्यावर शिक्का बसतो: हा डॉक्टर होणार. २०२४ मध्ये नीटला बसलेली मुलं २३ लाखांहून जास्त होती आणि देशभरात एमबीबीएसच्या जागा सव्वा लाखाच्या आत. म्हणजे साधारण वीसपैकी एकालाच पुरतील एवढ्या. बाकीचे एकोणीस नालायक आहेत म्हणून राहत नाहीत; एवढ्या जागांत तेवढे मावतच नाहीत म्हणून राहतात. तरी निकालाच्या दिवशी प्रत्येक घर आपापला गुन्हेगार शोधतं. मोबाईल, मित्र, क्लास, आणि शेवटी ते पोरगं.

अशा घरात अकरावीचं लेकरू असेल, किंवा तुम्हीच ते असाल, तर निकालाआधी एक प्रश्न मोठ्यानं विचारून ठेवायला हवा: हे झालं नाही तर त्यानंतर काय करायचं, आणि त्यात कोण कुणाबरोबर उभं राहील? शिक्का घरानं मारलेला आहे. त्यामुळं याचं उत्तरही आधी घरानंच द्यायचं आहे.